इंजिनाची बैठक : पक्की कोठे, रबरी कोठे?



विहिरीवरचे डिझेल इंजिन, ट्रॅक्टर, पॉवर टिलर, बाजाराला माल नेणारी पिकअप गाडी आणि दारातली मोटारसायकल या सर्वांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकात इंजिन आहे आणि ते कशावर तरी बसवलेले आहे. इंजिनाचे तेल, फिल्टर, नोझल यांची चौकशी आपण वेळोवेळी करतो. पण इंजिन ज्यावर बसले आहे त्या बैठकीकडे एखादा बोल्ट तुटेपर्यंत सहसा लक्ष जात नाही. गॅरेजमध्ये या बैठकीला ‘फाउंडेशन’ किंवा ‘माउंटिंग’ म्हणतात. प्रस्तुत लेखात ही बैठक कशी काम करते, ती किती प्रकारची असते आणि तिची निगा कशी राखावी याची माहिती दिली आहे.

मी कृषिविद्या शिकवतो, यंत्रशास्त्र नव्हे. या विषयाकडे माझे लक्ष वळले ते स्वतःच्या चुकीमुळे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना रब्बीच्या सुट्टीत घरी गेलो होतो. आमच्या विहिरीवर एका सिलिंडरचे ५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. ते फार हादरे, इतके की खोलीच्या भिंतीला तडा गेला होता. रबर हादरे खाते एवढे मला ठाऊक होते. मी जुन्या ट्रकच्या टायरचे चार तुकडे कापले आणि इंजिनाच्या चारही पायांखाली घातले. पंप मात्र पूर्वीसारखा काँक्रीटवरच राहू दिला. जमिनीचा हादरा लगेच कमी झाला. मी खूश झालो. चौथ्या दिवशी इंजिन आणि पंप यांना जोडणाऱ्या कपलिंगची रबरे झिजून भुगा झाली. ती बदलली, तर आणखी दोन दिवसांनी पंपाचे बेअरिंग गेले आणि दांडा खराब झाला. गहू त्या वेळी वीस दिवसांचा होता. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात आणि तेव्हाचे पाणी चुकवू नये, हे मी वर्गात नुकतेच शिकलो होतो. पंप दुरुस्त होऊन यायला आठ दिवस लागले. पाणी न मिळालेल्या सऱ्यांत फुटवे कमी राहिले, ते कापणीपर्यंत नजरेला दिसत होते.

रबर वाईट नव्हते आणि इंजिनही वाईट नव्हते. चूक होती ती बैठक न समजण्याची.

इंजिन का हादरते?

इंजिनातील दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर जाऊन थांबतो, उलट फिरतो, खाली जाऊन पुन्हा थांबतो. मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात फ्लायव्हील सेकंदाला २५ वेळा फिरते. म्हणजे पिस्टन सेकंदाला ५० वेळा थांबून दिशा बदलतो. जड वस्तू वेगात असताना थांबवायची आणि उलट फिरवायची तर जोर लागतो. तेवढाच उलटा जोर इंजिनाच्या धडावर येतो.

हा जोर किती असतो ते एका उदाहरणाने पाहू. पिस्टन आणि त्याबरोबर वरखाली होणाऱ्या भागांचे वजन दीड किलो धरा आणि पिस्टनची एकूण धाव ११० मिलिमीटर धरा. १,५०० फेऱ्यांना धावेच्या टोकाशी हा जोर सुमारे २०० किलो वजनाइतका भरतो. फेरे दुप्पट केले तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. गव्हर्नरची स्प्रिंग ताणून इंजिन ‘जरा जास्त’ पळवणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

हा जोर कमी करण्यासाठी क्रँकवर पिस्टनच्या विरुद्ध बाजूला वजन ठेवलेले असते. पण एका सिलिंडरच्या इंजिनात या वजनाने पूर्ण उपाय होत नाही. वजन पुरेसे ठेवले तर वरखाली हादरा थांबतो, पण तेच वजन आडवे फिरताना इंजिन पुढेमागे हलवू लागते. म्हणून साधारण निम्म्या जोरापुरते वजन ठेवून दोन्ही दिशांना थोडा थोडा हादरा वाटून दिलेला असतो. एका खांद्यावरचे ओझे दोन्ही खांद्यांवर घ्यावे, तसाच हा प्रकार आहे. ओझे काही नाहीसे होत नाही.

चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, त्यामुळे मोठा हादरा आपोआप मिटतो. फेऱ्याच्या दुप्पट गतीची बारीक थरथर मात्र उरते. तीन सिलिंडरच्या इंजिनात वरखाली जोर मिटतो, पण इंजिन पाळण्यासारखे डुलू पाहते.

याखेरीज आणखी एक हादरा असतो. सिलिंडरमध्ये डिझेल पेटते तेव्हा क्रँकला एका दिशेने झटका बसतो आणि इंजिनाचे धड उलट दिशेला कलंडू पाहते. चार फटक्यांच्या एका सिलिंडरच्या इंजिनात असा झटका दर दोन फेऱ्यांना एकदा बसतो. गाडी मंद चालू ठेवली की इंजिन डोलताना दिसते ते मुख्यतः याच झटक्यामुळे.

हादरा जातो कोठे?

हा हादरा घालवण्याचे दोनच मार्ग आहेत. एक म्हणजे इंजिन एखाद्या जड किंवा मजबूत वस्तूला घट्ट आवळणे, म्हणजे हादरा त्या वस्तूत जातो आणि तिच्या वजनात विरतो. ही पक्की बैठक होय. दुसरा मार्ग म्हणजे इंजिनाला रबरावर मोकळे ठेवणे. इंजिन हलते, पण त्याचे हलणे बाहेर फारसे जात नाही. ही रबरी बैठक होय. दोन्ही चांगल्या आहेत. मात्र पक्क्या बैठकीत ढिलाई आली किंवा रबरी बैठक कोठे तरी जखडली गेली की नुकसान सुरू होते.

पक्की बैठक : विहिरीवरचे इंजिन

आज बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या आहेत. तरी वीज नसलेल्या ठिकाणी, नदीकाठी आणि अडचणीच्या वेळी डिझेल इंजिन लागतेच. एका सिलिंडरच्या मंद इंजिनाला काँक्रीटचा ठोकळा ही सर्वांत खात्रीची बैठक आहे. ती करताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) ठोकळ्याचे वजन इंजिन, पंप आणि लोखंडी पाटा यांच्या एकत्रित वजनाच्या तीन ते पाच पट असावे. हे सर्व मिळून २५० किलो असेल तर चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल ठोकळा घालावा. तो १६ घनफूट होतो आणि त्याचे वजन सुमारे १,१०० किलो भरते, म्हणजे चौपटीहून थोडे अधिक.

२) काळ्या भारी जमिनीवर ठोकळा थेट घालू नये. ही जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ठोकळा एका बाजूने उचलला जातो आणि इंजिन-पंपाची रेषा बिघडते. मुरूम लागेपर्यंत खणावे. मुरूम फार खोल असेल तर खड्ड्यात मुरूम थराथराने ठोकून भरावा.

३) ठोकळा खोलीच्या भिंतीला आणि फरशीला चिकटवू नये. बोटभर फट ठेवून तीत वाळू भरावी. आमच्या भिंतीला तडा गेला तो ही फट नसल्यामुळे.

४) बोल्टसाठी खड्डे ठेवून काँक्रीट ओतावे व किमान सात दिवस पाणी मारावे. नंतर पाटा पाणसळीने समपातळीत आणावा आणि बोल्टच्या खड्ड्यांत व पाट्याखाली सिमेंट-वाळूचा पातळ माल ओतावा. तो पक्का वाळल्यावरच नट आवळावेत.

५) इंजिन आणि पंप नेहमी एकाच पाट्यावर आणि एकाच ठोकळ्यावर असावेत. कपलिंगच्या दोन्ही चकत्यांवर वर, खाली आणि दोन्ही बाजूंना सरळ पट्टी लावून पाहावी. चारही ठिकाणी पट्टी टेकली पाहिजे आणि चकत्यांमधली फट सारखी भरली पाहिजे. पाइप जोडल्यानंतर ही तपासणी पुन्हा करावी, कारण पाइपाच्या ओढीने पंप सरकतो. पाइपाचे वजन पंपावर न टाकता त्याला स्वतंत्र टेकू द्यावा.

माझी चूक आता आपल्या ध्यानात आली असेल. इंजिन रबरावर हलू लागले आणि पंप जागचा हलेना. दोघांमधले अंतर सेकंदाला कित्येकदा बदलत राहिले आणि तो फरक कपलिंगने सोसला. यावरून एक नियम बांधता येतो : जो भाग फिरवतो आणि जो फिरतो ते दोन्ही एकाच बैठकीवर असावेत. रबर घालायचेच असेल तर दोघांना एका मजबूत लोखंडी पाट्यावर बसवून त्या पाट्याखाली घालावे. विजेच्या जनरेटर संचाखाली असते तसे. मग पाइप, डिझेलची नळी आणि धुराचा नळ यांनाही लवचीक जोड द्यावा लागतो.

रबर कसे काम करते? एक सोपा प्रयोग

सायकलच्या जुन्या ट्यूबची हातभर पट्टी घ्या. तिच्या टोकाला वीट बांधून लोंबती धरा. हात अगदी हळू वरखाली करा. वीट हाताबरोबरच वरखाली होईल. वेग थोडा वाढवा. एका ठरावीक वेगाला वीट हातापेक्षा कितीतरी जास्त उड्या मारू लागेल. आता हात आणखी भराभर हलवा. वीट जवळजवळ स्थिर राहील आणि फक्त रबर ताणले-आकसले जाईल.

रबरी बैठकीचे सारे शास्त्र या प्रयोगात आहे. प्रत्येक रबर आणि त्यावरील वजन यांची एक स्वाभाविक डोलण्याची गती असते. हादऱ्याची गती त्या गतीच्या सुमारे १.४ पटीच्या वर गेली तरच रबर हादरा अडवते. त्याखाली ते अडवत नाही, उलट स्वाभाविक गतीजवळ हादरा वाढवते. इंजिन सुरू होताना आणि बंद होताना गाडी एकदा जोरात गदगदते, कारण त्या क्षणी इंजिन या वाईट गतीतून जात असते.

डिझेल वाचवण्यासाठी काही जण गाडीची रिकामी चाल फार कमी करून ठेवतात. इंजिन मग वाईट गतीच्या जवळ चालत राहते, गाडी गदगदते आणि दोष रबराला दिला जातो. म्हणून रबर बदलण्यापूर्वी रिकामी चाल उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे आहे का ते पाहावे. एखादा नोझल नीट फवारत नसेल तर तो सिलिंडर कमजोर पडतो आणि इंजिन त्या तालात डोलते. तोही आधी तपासावा.

मोटारगाडीत इंजिन रबरावर तरंगते ठेवण्याची पद्धत अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९३१ च्या प्लायमाउथ गाडीतून लोकप्रिय केली. चार सिलिंडरच्या त्या इंजिनाला पुढे उंचावर एक आणि मागे गिअरबॉक्सखाली एक असे दोनच आधार दिले होते. दोन्ही आधारांना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्याजवळून जात असे. त्यामुळे इंजिन स्वतःच्या आसाभोवती डोले आणि चासीला त्याचा फारसा पत्ता लागत नसे. ते फार कलंडू नये म्हणून बाजूला पोलादी पाटा होता. आज जीप, पिकअप व टेम्पोत इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून तीन-चार रबरांवर बसतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

मोटारसायकल : दोन्ही बैठकींची शाळा

मोटारसायकल हलकी असते. हादरा गिळायला तिच्याजवळ ना काँक्रीट असते ना जड चासी. म्हणून बैठकीचे सर्व प्रकार तिच्यात पाहायला मिळतात.

आपल्याकडची जुनी बुलेट पक्क्या बैठकीची. १९५५ पासून मद्रासमध्ये तयार होऊ लागलेल्या या गाडीच्या ३५० सीसी इंजिनात एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर व्यासाचा आणि ९० मिलिमीटर धावेचा. तिच्या सांगाड्याची पुढची नळी इंजिनापाशी येऊन संपते. इंजिन काढले तर सांगाडा खालून उघडा राहतो, म्हणजे इंजिन हाच सांगाड्याचा एक भाग आहे. हा हादरा चालवणाऱ्याच्या हातापायांत येतो. पण बोल्ट घट्ट असतील तोवर गाडी टिकते. बोल्ट ढिले झाले की क्रँककेसचे कान तुटतात, कारण मग आवळलेला भाग एकजीव न राहता एकमेकांवर आपटू लागतो. अशा बुलेटीत इंजिनाच्या मागच्या पट्ट्यांचे आणि पुढचे बोल्ट, तसेच हेडपासून सांगाड्याला जाणारी आधारपट्टी हे सर्व दर तेलबदलीला तपासावे.

अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ‘क्रूझर’ मोटारसायकलींची मोठी परंपरा आहे. त्यांपैकी हार्ले-डेव्हिडसनने १९०९ मध्ये पहिले व्ही आकाराचे दोन सिलिंडरचे इंजिन आणले. दोन सिलिंडरांमध्ये ४५ अंशांचा कोन आणि दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनला जोडलेले. त्यामुळे दोन ठोके समान अंतराने पडत नाहीत. एका ठोक्यानंतर ३१५ अंशांनी दुसरा आणि मग ४०५ अंशांनी पुन्हा पहिला. लंगडत चालणाऱ्या बैलाच्या पावलांसारखा हा ताल आहे. गिऱ्हाइकांना तो आवडतो, पण दिवसाला तीन-चारशे मैल जाणाऱ्याचे हात बधिर होतात.

यावर कंपनीने दोन उपाय केले. १९८० च्या प्रवासी गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स रबरावर बसवले. येथे आपला नियम पुन्हा दिसतो. मागच्या चाकाचा दांडपट्टा सांगाड्याला न जोडता गिअरबॉक्सला जोडला. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे चाक एकाच बैठकीवर आले, म्हणून इंजिन कितीही हलले तरी चाक ओढणाऱ्या साखळीचा ताण बदलत नाही. चाक आडवे डोलू नये म्हणून इंजिन आणि सांगाडा यांच्यामध्ये आडव्या दांड्या दिल्या. इंग्लंडच्या नॉर्टन कंपनीने १९६७ मध्ये आणलेल्या ‘कमांडो’ गाडीतही हाच विचार होता. तिच्या रबरी बैठकीतली आडवी मोकळीक पातळ चकत्या घालून ठराविक मापात ठेवावी लागे. ज्यांनी ती मोकळीक वाढू दिली त्यांची गाडी वळणावर डोलू लागे. रबरी बैठक लावली की काम संपत नाही; रबरातली मोकळीकही मोजावी लागते.

दुसरा उपाय म्हणजे हादरा इंजिनातच मारणे. हार्लेने २००० सालच्या काही गाड्यांत इंजिनामध्ये उलट फिरणाऱ्या तोलदांड्या घातल्या आणि ते इंजिन सांगाड्याला पक्के आवळले. आपल्या बुलेटच्या घराण्यातही तसेच झाले. २०२० मध्ये आलेल्या नव्या ३५० सीसी इंजिनात तोलदांडा आला आणि २०२३ मध्ये तेच इंजिन बुलेटलाही मिळाले. म्हणून जुन्या बुलेटवरून नव्या बुलेटवर बसलेला माणूस ‘ही आपली वाटत नाही’ असे म्हणतो. त्याच्या हातांना मात्र ती नक्कीच मानवते.

तोलदांड्यांचा एक धडा ट्रॅक्टरवाल्यांच्याही कामाचा आहे. काही चार सिलिंडरच्या ट्रॅक्टर इंजिनांत तेलाच्या टाकीत अशा जोड-दांड्या असतात. इंजिन उघडून पुन्हा बसवताना त्यांच्या दातांवरच्या खुणा जुळवाव्या लागतात. एक दात जरी चुकला तरी दांडी वेळ चुकते आणि हादरा कमी होण्याऐवजी वाढू शकतो. इंजिनाचे मोठे काम करून आणल्यावर ट्रॅक्टर पूर्वीपेक्षा जास्त थरथरत असेल तर फिटरला ही खूण जुळवली का, हे जरूर विचारावे.

ट्रॅक्टर : इंजिन हाच कणा

आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांत चासी नावाची वेगळी वस्तू नसते. पुढच्या आसाचा आधार इंजिनाला, इंजिन क्लचच्या घराला, ते गिअरबॉक्सला आणि तो मागच्या आसाला असे सर्व भाग बोल्टने जोडलेले असतात. १९१७ मध्ये बाजारात आलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरने ही रचना जगभर पसरवली. यात रबराला जागाच नाही. नांगराची ओढ, पुढच्या चाकाचा खड्ड्यातला दणका आणि इंजिनाचा हादरा हे सारे त्याच बोल्टांतून जाते.

म्हणून पुढच्या आसाचा कंस आणि क्लचचे घर यांचे बोल्ट दर हंगामाच्या सुरुवातीला तपासावेत. जोडाच्या फटीतून तेल किंवा तांबूस बारीक भुकटी दिसली तर तेथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत आहेत असे समजावे. तुटलेल्या बोल्टाच्या जागी बाजारातला साधा बोल्ट घालू नये. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असेल तर त्याच प्रतीचा बोल्ट घ्यावा. पुढे जादा वजन किंवा लोडर लावणाऱ्यांनी तर ही तपासणी अधिक वेळा करावी.

रबरी बैठक बिघडल्याची लक्षणे

- इंजिन सुरू करताना किंवा बंद करताना ‘धाड’ असा आवाज येतो.
- क्लच सोडताना गाडी धक्के देत निघते.
- पंख्याची पाती रेडिएटरच्या आवरणाला घासतात.
- गिअर आपोआप सुटतो किंवा दांडा इंजिनाबरोबर फार हलतो.
- धुराचा नळ एकाच जागी वारंवार तुटतो. असा नळ पुन्हा पुन्हा वेल्ड करण्यापूर्वी रबरे पाहावीत. नळ जखडून धरणारी एखादी पट्टी कोणी जादा लावली आहे का, तेही पाहावे.

खात्री करण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत आणि बॉनेट उघडावे. जाणत्या माणसाने ब्रेकवर पाय ठेवून गिअर टाकावा आणि क्लच किंचित सोडून लगेच दाबावा. दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिन पाहावे. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहू नये. इंजिन थोडे कलंडणे स्वाभाविक आहे. ते एका बाजूने उचलले जाऊन आपटत असेल तर त्या बाजूचे रबर फाटले किंवा लोखंडापासून सुटले आहे.

रबर बदलताना घ्यावयाची काळजी

१) इंजिनाखाली जॅक लावताना मध्ये लाकडी फळी ठेवावी, नाहीतर तेलाची टाकी चेपते. इंजिन फक्त जॅकवर तोलून त्याखाली हात घालू नये. ठोकळ्यांचा आधार द्यावा.

२) रबरे शक्यतो जोडीने बदलावीत. एक नवे आणि एक बसलेले असले तर इंजिन तिरके राहते.

३) जास्त कडक रबर म्हणजे जास्त चांगले रबर नव्हे. कडक रबराची स्वाभाविक गती वाढते आणि हादरा चासीत जातो. टायरचा तुकडा किंवा लोखंडी वायसरांची चळत हा तर मुळीच उपाय नव्हे.

४) सर्व बोल्ट आधी हाताने बसवावेत. इंजिन आपल्या वजनाने नीट बसू द्यावे, मग आवळावेत. पक्क्या बैठकीत फट उरत असेल तर मापाची चकती घालावी. बोल्ट आवळून फट मिटवू नये, कारण ओढलेला कान आज ना उद्या तडकतो.

५) नैसर्गिक रबर डिझेल आणि तेलाने फुगते व मऊ पडते. नवे रबर टाकण्यापूर्वी वरची गळती बंद करावी, नाहीतर पैसे वाया जातात.

६) इंजिनापासून चासीला जाणारी जाड विणलेली अर्थची पट्टी पुन्हा जोडावी. रबरातून वीज जात नाही. ही पट्टी राहिली तर स्टार्टरचा मोठा प्रवाह क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार तापून जळते.

आपल्या शरीराची बैठक

हादरा यंत्राचेच नव्हे, माणसाचेही नुकसान करतो. पॉवर टिलर, गवत कापण्याचे यंत्र किंवा साखळी करवत वर्षानुवर्षे चालवणाऱ्यांच्या बोटांना मुंग्या येतात. पुढे थंडीत बोटे पांढरी पडतात आणि बारीक काम जमत नाही. हा त्रास एकदा वाढला की पूर्ण बरा होत नाही. ट्रॅक्टरच्या हादऱ्याने कंबर आणि मणके दुखू लागतात. युरोपीय संघाने २००२ मध्ये कामगारांसाठी याचे नियम केले. हातांना बसणारा कंप दिवसाच्या आठ तासांच्या हिशेबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाला की उपाय सुरू करावेत आणि ५ ची मर्यादा ओलांडू नये, असे त्यात सांगितले आहे.

आपल्याजवळ मोजण्याचे यंत्र नसले तरी काही गोष्टी सहज करता येतात. मुठीची फाटलेली रबरे बदलावीत. इंजिन आणि हँडल यांच्यामधली रबरे तपासावीत. मूठ गरजेपेक्षा घट्ट धरू नये. पॉवर टिलर दोघांनी आळीपाळीने चालवावा आणि मध्ये विश्रांती घ्यावी. ट्रॅक्टरच्या बैठकीची स्प्रिंग आपल्या वजनाप्रमाणे लावावी. पोते घडी करून ठेवणे हा तिला पर्याय नाही. बोटे पांढरी पडत असतील तर डॉक्टरांना दाखवावे आणि आपण कोणते यंत्र किती वेळ चालवतो ते त्यांना सांगावे.

थोडक्यात

यंत्र हादरू लागले की हातात पाना घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. याची बैठक पक्की आहे की रबरी? पक्की असेल तर ती कोठे ढिली झाली आहे? रबरी असेल तर कोठे फाटली, किंवा कोठे जखडली गेली आहे? आणि कोणताही बदल करताना, फिरवणारा आणि फिरणारा भाग एकाच बैठकीवर राहतो ना, हे पाहावे.

ही तपासणी पेरणीच्या आधी करावी. बोल्ट आवळायला अर्धा तास लागतो. गव्हाच्या मुकुटमुळांना मात्र थांबायला वेळ नसतो. आमच्या विहिरीवर पुढे नवा ठोकळा घातला. टायरचे ते चार तुकडे वडिलांनी फेकून दिले नाहीत. त्यांतला एक अजून खोलीच्या दाराला टेकण म्हणून आहे. सुट्टीत गेलो की पहिली नजर त्यावर जाते आणि नंतर बोल्टांवर.